कुत्र्याची दाढ काढल्यानंतर: रबरी खेळणं आणि पेस्ट, पावसाळ्यापासूनचा अनुभव

आमच्या बंड्याची वरची मोठी दाढ उन्हाळ्यात उभी चिरली. कारण याकच्या दुधाच्या कडक चीजची कांडी. कुत्र्यांची ही दाढ अशा कडक वस्तूंनी बऱ्याचदा तुटते. नळीचं हाड, शिंग, खूर, बर्फाचे खडे, सगळे त्याच यादीत. तो जेवत होता, शेपूट हलवत होता, फक्त एकाच बाजूने चावायचा. डॉक्टरांनी ओठ वर करून दाढेतला लाल ठिपका दाखवला. नस उघडी पडली होती. अशा वेळी रूट कॅनाल करायचं किंवा दाढ काढायची. 'दुखेल तेव्हा बघू' म्हणून थांबलं तर मुळाशी पू होतो आणि डोळ्याखाली सूज येते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात द्यायची नाही, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतं.

आम्ही दाढ काढली. रक्ततपासणी, पूर्ण भूल, एक्स-रे, तीन मुळं सुटी करून काढणं, विरघळणारे टाके. जखम भरेपर्यंत मऊ भात. मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खालच्या वस्तू आल्या.

पोकळ रबरी खेळणं: पैसे वसूल. दह्यात कालवलेला भात किंवा उकडलेला भोपळा भरून देते, बराच वेळ रमतो. विकत घेताना नख रुतवून पाहा. नखाने दबलं नाही तर ती वस्तू दातांसाठी जास्तच कडक. माप कुत्र्याच्या वजनापेक्षा एक पायरी मोठंच घ्या, लहान खेळणं घशात अडकू शकतं. त्रास एकच, आतला भाग धुणं. बाटली धुण्याचा ब्रश लागतो आणि रात्रभर बाहेर राहिलं की मुंग्यांची रांग ठरलेली. काठ कुरतडून तुकडे निघू लागले की सरळ टाकून द्यायचं.

चिकनच्या चवीची एन्झाइम पेस्ट: कुत्र्यांसाठीचीच घ्या. ती गिळली तरी चालते, चूळ भरायची गरज नाही. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्यांच्या पोटात जाऊ नये, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर थोडंसुद्धा घातक. पहिले काही दिवस नुसती बोटावर चाटवली, मग दातांवर. आता पेस्टचा डबा उघडल्याचा आवाज आला की बंड्या स्वतःहून येऊन बसतो. तोंडाचा वास कमी झाला, हिरड्यांची लाली उतरली. आधीचं कडक कीटण मात्र घासून निघत नाही, ते भूल देऊनच काढावं लागतं.

सोबत आलेला सिलिकॉनचा बोटाचा ब्रश आवडला नाही. जाड असल्यामुळे मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश त्याहून कितीतरी बरा. दातांची फक्त बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ काम होतं, जबडा उघडायची झटापट नको.

दात साफ व्हावेत म्हणून कुत्र्यांना चघळायला देतात त्या खाऊच्या काड्यांचं पाकीट परत घेणार नाही. बंड्या दोन घासांत गिळतो, घासलं काहीच जात नाही, वजन तेवढं वाढतं. हळू चावणाऱ्या कुत्र्याला कदाचित उपयोग होईल.