ग्रीन बॉण्डच्या नावाखाली आमचे १२,५१,२४० रुपये गेले

आकडे आधी सांगतो. दिले १२,५१,२४० रुपये. व्याज म्हणून परत आले ७६,१२५. बुडाले ११,७५,११५. बायको आणि मुलगी सोडून हे फारसं कुणाला ठाऊक नाही. लग्नकार्यात कुणी गुंतवणुकीचा विषय काढला की मी तिथून उठतो. लाज वाटते, आणि संताप त्याहून जास्त येतो. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून अर्जाच्या पायरीवर आहे आणि समोरच्याने अब्रुनुकसानीची नोटीस आधीच पाठवून ठेवली आहे. पण पद्धत सगळी लिहितो.

पैसे दुप्पट, माणसं जोडा, परदेश सहल, असलं काही यात नव्हतं. असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं. असल्या योजनांना बळी पडणाऱ्यांतला मी नाही, आयुष्यभर एफडी आणि पोस्टात पैसे ठेवले. मला पकडलं ते माझ्या खऱ्या काळजीवर.

मी सांगलीचा, जलसंपदा खात्यातून निवृत्त. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५. आमचा तळमजला पाण्यात होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. हवामान बदलतंय हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. ज्याने आम्हाला फसवलं त्या माणसाने नेमकं हे हेरलं. बाणेरला ऑफिस, कार्डावर ‘सस्टेनेबल इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायझर’. टॅबवर सांगलीचा नकाशा उघडला, त्यावर निळी पूररेषा ओढलेली, आणि माझ्या बँकेची शाखा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. म्हणाला, “सर, या पट्ट्यातली घरं बँकेकडे तारण आहेत. पाणी आलं की कर्ज बुडतं. याला भौतिक जोखीम म्हणतात. आणि उद्या कोळशावरचे कारखाने बंद पडले तर त्यांना दिलेलं कर्ज अडकतं, ती संक्रमण जोखीम. तुमची एफडी या दोन्हींवर उभी आहे.”

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. घरी येऊन मी वाचलं. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २०१५ मध्ये विमा कंपन्यांसमोर हेच मांडलं होतं. २०१७ मध्ये टीसीएफडीच्या (कंपन्यांनी हवामानाच्या आर्थिक जोखमी कशा जाहीर कराव्यात हे सुचवणारा आंतरराष्ट्रीय गट) शिफारशी आल्या, त्यात याच दोन जोखमींची विभागणी आहे. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारा अहवाल, सक्तीचा केला. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिले सार्वभौम हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी कर्ज उभारणारे सरकारी ग्रीन बॉण्ड. त्याने सांगितलेलं सगळं पडताळून बरोबर निघालं. जगाबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस स्वतःबद्दल खोटं बोलेल हे माझ्या मनात आलं नाही, आणि कुणाच्याही आलं नसतं.

जुलै २०२३ मध्ये माझ्या नावे ४,००,००० रुपये. सोलापूर जिल्ह्यातल्या एका सौर प्रकल्पाचा ‘ग्रीन बॉण्ड’, १४ टक्के, दरमहा व्याज. सल्ल्याची फी १८,००० अधिक जीएसटी ३,२४०, म्हणजे २१,२४०. महिन्याला ४,६६७ रुपये, त्यातून १० टक्के टीडीएस (व्याज देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापून ४,२०० खात्यात जमा व्हायचे. ठरल्या तारखेला, न चुकता.

इथे थांबून एक लिहितो. सरकारच्या त्या पहिल्या लिलावात दहा वर्षांच्या हरित रोख्याचा दर ७.२९ टक्के ठरला होता. मला हा आकडा माहीत होता. सौर विजेला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास भाव मिळतो, त्यातून १४ टक्के व्याज, दलालाचं कमिशन आणि मालकाचा नफा कुठून निघणार? हा प्रश्न मी विचारला होता. त्याचं उत्तर, “सर, सरकारी जोखीम शून्य म्हणून सात. आपण बँकेला मध्ये घेत नाही, तो फरक तुम्हाला मिळतो.” बँकेवरचा राग माझ्यात होताच, उत्तर पटलं.

आता तो दिवस, ज्याने माझी झोप उडवली आहे. नोव्हेंबर २०२३. पेन्शनचा टीडीएस बघायला मी आयकराच्या पोर्टलवर २६ एएस उघडला, म्हणजे आपल्या नावे कुणी किती कर कापून भरला ते दाखवणारा तक्ता. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ ऑक्टोबरला संपलेली असते. पेन्शनचा आकडा होता. बँकेने एफडीवर कापलेला होता. या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. दरमहा माझ्या व्याजातून ४६७ रुपये कापले जातात आणि सरकारजमा काही नाही. म्हणजे टीडीएस कापल्याचं फक्त नाटक, ते पैसे खिशात. म्हणजे हिशोब ठेवणारी खरी कंपनीच यामागे नाही. एवढं सगळं त्या एका पडद्यावर माझ्यासमोर लख्ख होतं.

मी लगेच फोन केला. “सर, आमच्या सीएंचं रिटर्न रिव्हाइज होतंय, पुढच्या तिमाहीत दिसेल.” टीडीएस उशिरा दिसणं सरकारी खात्यातही होतं, मी स्वतः नोकरीत असताना असं पाहिलं आहे. म्हणून मान्य केलं. आणि पुढच्याच महिन्यात हिच्या नावे ६,५०,००० रुपये दिले. हिच्या माहेरच्या जमिनीच्या हिश्श्याचे. त्या रकमेचे टीडीएस जाऊन ६,८२५ यायचे. ती आजवर एका शब्दानेही बोलली नाही, आणि मला ते जास्त लागतं.

कुठेही ‘टीडीएस कापून’ व्याज येत असेल तर आज रात्रीच २६ एएस उघडा. नाव नसेल तर पुढचा पैसा देऊ नका, कितीही गोड फोन येवो.

बाकीच्या खुणाही लिहितो. कार्डावर नोंदणी क्रमांक होता, तो एआरएन होता. एआरएन म्हणजे म्युच्युअल फंड विकणारा वितरक. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची वेगळी नोंदणी लागते, तो क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर नावासकट सापडतो. वितरक फी मागतो तिथेच संपलं. पावतीवरचा जीएसटी क्रमांकही पोर्टलवर टाकून बघता येतो. मी २०२४ च्या जूनमध्ये टाकला तेव्हा तो दुसऱ्याच एका फर्मचा, तोही रद्द झालेला. दर महिन्याला डिपॉझिटरीकडून (शेअर, रोखे डिजिटल रूपात सांभाळणारी संस्था) येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटात माझे म्युच्युअल फंड दिसायचे, हा बॉण्ड कधीच नाही. कारण बॉण्ड नव्हताच. ज्यावर आम्ही सह्या केल्या त्या स्टॅम्पपेपरच्या आतल्या पानांवर आम्हाला ‘धनको’ म्हटलं होतं. तो साधा कर्ज करार होता. वरच्या रंगीत फोल्डरवर मात्र पानाचं चित्र आणि ‘ग्रीन बॉण्ड सिरीज २’.

प्रकल्पही दाखवला. गाडीने नेलं, एकरांवर पॅनेल पसरलेली, गेटवर यांचा फलक, महावितरणशी केलेल्या वीज खरेदी कराराची झेरॉक्स. प्रकल्प खराच होता, फक्त दुसऱ्याच कुणाचा. गट नंबर विचारून सातबारा काढला असता तर कळलं असतं. सातबारा मोबाइलवर मिळतो. आयुष्यभर भूसंपादनाची कागदपत्रं हाताळलेल्या माणसाला हे लिहिताना काय होतं ते सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी १,८०,००० रुपये ‘कार्बन पूल’मध्ये, म्हणजे कार्बन क्रेडिटमध्ये. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन वायू कमी केल्याचा विकता येणारा दाखला. ३०० टन, टनाला ६०० रुपये, २०२६ पर्यंत १,५०० होणार. त्याचं प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. जाड कागद, सोनेरी किनार, खाली उठावाचा शिक्का, उजव्या कोपऱ्यात क्यूआर कोड. तो स्कॅन केला की यांच्याच साइटचं पान उघडायचं, आणि त्यावर हिरव्या अक्षरात ‘व्हेरिफाइड’. खऱ्या क्रेडिटला प्रकल्प क्रमांक आणि प्रत्येक टनाचा अनुक्रमांक असतो, तो व्हेरासारख्या संस्थेच्या खुल्या नोंदवहीत कुणालाही बघता येतो. यावर एकही आकडा नव्हता. भारत सरकारने कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित केली होती, पण तेव्हा बाजार सुरूच झाला नव्हता. ‘अधिसूचना निघाली’ एवढ्यावर लोकांना पैसे भरायला लावलं.

जूनमध्ये व्याज थांबलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं करून टाकलं. बाणेरच्या ऑफिसला कुलूप, वॉचमन म्हणाला सामान रात्रीच नेलं.

आणि मग सुरू झाली दुसरी शिक्षा. पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाला, “काका, व्याज मिळत होतं ना? मग फसवणूक कशी? हे सिव्हिल मॅटर आहे.” शिकलेले असून असं कसं केलंत, हेही ऐकवलं. बाजूला एक मोबाइल चोरीचा तक्रारदार बसलेला, त्याच्यासमोर. मग म्हणे करार दुसऱ्या शहरात झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे पैसे तुमच्या शहरातल्या खात्यातून गेले, इकडे कशाला आलात? आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं की रक्कम लहान आहे, आणखी गुंतवणूकदार गोळा करून आणा. ११,७५,११५ रुपये लहान! आरोपीचे बाकीचे गिऱ्हाईक मी शोधायचे, ग्रुपवरचे नंबर मी जमवायचे, बँकेचे उतारे मी काढायचे, आणि तोवर तो माणूस मोकळा फिरणार. एका नियामकाच्या पोर्टलवर तक्रार टाकली, उत्तर आलं की संबंधित व्यक्ती आमच्याकडे नोंदणीकृत नाही, सबब तक्रार बंद. अरे, नोंदणी नसताना धंदा करतो हीच तर तक्रार आहे! ज्या बँकेत त्याचं खातं होतं तिथल्या मॅनेजरने खातेदाराची माहिती गोपनीय असल्याचं सांगून खुर्ची फिरवली. आमच्या पैशांना गोपनीयता नव्हती, त्याच्या नावाला आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. नाकारलीच तर लेखी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अर्जात फक्त ‘फसवणूक’ लिहू नका. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा, दोन्ही नावानिशी लिहा. मालमत्ता जप्तीचा रस्ता त्यातून आहे. हे मला ठाण्यात कुणीही सांगितलं नाही, एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं.

राग आणखी एका गोष्टीचा आहे, आणि तो त्या चोरावरचा नाही. २०२१ च्या पुरानंतर मी माझ्या बँकेत जाऊन विचारलं होतं की तुमची किती कर्जं पूरपट्ट्यात आहेत. मॅनेजरने हसून विम्याचा फॉर्म पुढे केला. आमच्या म्युच्युअल फंडवाल्याला ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार या निकषांवरची गुंतवणूक) म्हणजे काय विचारलं, तो म्हणाला, “ते मोठ्या लोकांचं, तुम्ही एसआयपी चालू ठेवा.” रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामान जोखीम बँकांनी कशी जाहीर करावी याचा मसुदा काढला. कारभार, धोरण, जोखीम व्यवस्थापन, मोजमाप, सगळं त्यात आहे. ते अहवाल, परिषदा, इंग्रजी पीडीएफ वरच्या मजल्यावर राहतात. ज्याचं घर बुडालं त्या ठेवीदाराशी या विषयावर मराठीत, समोर बसून, तासभर बोलला तो एकच माणूस, आणि तो चोर निघाला. नोंदणीकृत सल्लागारांनो, बँकवाल्यांनो, ही जागा तुम्ही रिकामी सोडलीत म्हणून तो तिथे बसला.

मोठ्या नावांवरही डोळे झाकून जाऊ नका. जर्मनीच्या डीडब्ल्यूएस या प्रचंड मोठ्या फंड कंपनीने ईएसजीबद्दल फुगवून सांगितलं म्हणून अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाने २०२३ मध्ये १.९ कोटी डॉलर दंड केला, फ्रँकफर्टमध्ये २०२५ साली आणखी २.५ कोटी युरो. पण तिथे निदान दंड करणारा कुणीतरी होता.

हरित गुंतवणूक करायचीच असेल तर सरकारी हरित रोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर मिळू शकतात. काही बँका हरित ठेवी घेतात, रिझर्व्ह बँकेची त्याची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे आणि त्यांना इतर ठेवींसारखंच ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. ईएसजी फंडाला ८० टक्के पैसे सांगितलेल्या धोरणातच गुंतवावे लागतात. ईएसजी रेटिंग देणाऱ्यालाही सेबीची नोंदणी लागते. आम्हाला दाखवलेलं रेटिंग ज्याने दिलं होतं, तो त्या यादीत नाही.

आमचा अर्ज अधीक्षकांकडे पोचला, पोच हातात आहे, गुन्हा अजून दाखल नाही. ज्यांच्याकडे ‘ग्रीन बॉण्ड सिरीज’ लिहिलेलं हिरवं फोल्डर आणि आत धनको-ऋणकोचा करार आहे, त्यांनी लाजून घरात बसू नका. मूळ करार कुणाच्याही हातात देऊ नका, ‘नवीन सिरीजमध्ये बदलून देतो’ म्हणत ते परत मागायला माणसं फिरतायत. बँकेचा शिक्का मारलेला उतारा काढा, व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसले जायच्या आत छापून घ्या, आणि एमपीआयडीचं नाव लिहून अर्ज द्या. गुंतवणूकदार गोळा करून आणा म्हणतात ना, होऊया गोळा.