पोर्ट सैदला मोड घेताना: पन्नास पौंड की पन्नास पियास्त्र?

सुएझ कालव्याच्या उत्तर तोंडाशी, इजिप्तच्या पोर्ट सैदला, जहाजावर विकायला येणारे आपल्या जहाजींना मोड देताना फसवतात. म्हणून पन्नासची नोट हातात पडली की ती उलटून बघा. तिथेच, देणाऱ्याच्या तोंडासमोर. पन्नास पौंड आणि पन्नास पियास्त्र अशा दोन वेगळ्या नोटा आहेत, आकडा दोन्हींवर ५०. शंभर पियास्त्रचा एक पौंड होतो. दीडशेचा स्कार्फ घेतला, दोनशे दिले, परत पियास्त्रची नोट आली, तर गेले ४९.५० पौंड.

नोट देताना अरबी बाजूच वर असते. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. आपण आकडा लावतोय तोवर विकणारा पुढची वस्तू नाकासमोर धरतो. कळायला हवं होतं ते नेमकं इथे. पियास्त्रची नोट अंगानेच लहान आहे, बोटांना ते लागतं! पण दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजांचा काफिला पहाटे साडेतीनच्या सुमाराला कालव्यात हलतो. आधीची रात्र अँकरेजवर म्हणजे नांगर टाकून, कागदपत्रांत, सर्चलाइट आणि मूरिंग बोटी (जहाज बांधायला लागणाऱ्या लहान बोटी) वर घेण्यात गेलेली. घरी पंख्याखाली बसून "बघून घ्यायचं ना" म्हणणाऱ्यांनी एकदा अशी रात्र काढावी.

दुसरी तऱ्हा याहून निर्लज्ज. तुम्ही दोनशेची नोट देता, तो क्षणभर वळतो आणि विसाची नोट फडकवतो, "ही दिलीत." वाद नको म्हणून दुसरी दोनशेची दिली की १८० पौंडांना चाट. नोट सोडण्याआधी आकडा मोठ्याने म्हणा, सोबत्याला ऐकू जाईल असा.

मूरिंग बोटीची माणसं कालवा संपेपर्यंत जहाजावरच असतात, त्यांना दिलेल्या खोलीचं दुकान व्हायला वेळ लागत नाही. डॉलर त्यांच्याकडे मोडू नका. मार्च २०२४ मध्ये पौंड घसरला. त्याआधी डॉलरला ३१ च्या आसपास मिळायचे, नंतर भाव पन्नाशीच्या आसपास गेला. कोणी अजून ३१ चा जुना भाव लावला तर शंभर डॉलरमागे सरळ १,९०० पौंड त्याच्या खिशात.

पपायरस (लव्हाळ्याचा जुना इजिप्ती कागद) म्हणून केळीच्या पानाचं चित्र गळ्यात मारतात. उजेडासमोर धरा. खऱ्यात उभ्या-आडव्या पट्ट्यांची वीण दिसते आणि गुंडाळलं तरी ते तडकत नाही. विकणारा गुंडाळू देत नसेल तर विषय संपला. सिम तिथे पासपोर्ट नोंदवून, कंपनीच्या दुकानात घ्यायचं असतं. गँगवेवर (जहाजाच्या शिडीवर) मिळतं ते आधीच कुणाच्या तरी नावावर चालू असतं. १९३ किलोमीटरच्या कालव्यात ते कुठेही बंद पडेल, आणि पुढे लाल समुद्रात तर काडीच्या कामाचं नाही.

तक्रार? जहाजाचा एजंट म्हणतो, हे माझ्याकडे येत नाही. कॅप्टन म्हणतो, गँगवेवर पाटी लावली होती. पोलीस किनाऱ्यावर, आपल्याकडे शोअर पास, म्हणजे उतरायचा परवाना नाही. बारा ते सोळा तासांत जहाज सुएझला, विकणारा बोटीसकट खाली, आणि आपण एडनच्या वाटेवर. जबाब लिहून कोण घेणार? मुंबईत नौवहन महासंचालनालयात विचाराल तर पगार थकल्याचा अर्ज आहे, याचा नाही. वर हसतात, "शंभर रुपयेसुद्धा नाहीत हो!" नसतील. वीस जणांना एकेकदा टोपी घातली की ९९० पौंड होतात, आणि जहाजं रोज जातात. एकेका माणसाचे शंभर रुपये कुणालाच दिसत नाहीत, यावरच तर हा धंदा चालतो.

किनाऱ्यावर उतरायला मिळालंच तर समोरच्या काठावरच्या पोर्ट फौदची फेरीबोट फुकट आहे, तिकीट मागणाऱ्याला हात जोडा. कालवा बांधवणाऱ्या द लेसेप्सचा पुतळा १९५६ मध्येच पाडलाय, नुसत्या चौथऱ्यासाठी गाइड करू नका. घोडागाडीवाला "वीस" म्हणाला तर वीस काय, माणशी की गाडीचे, हे बसण्याआधी कागदावर लिहून घ्या. आणि सुटे पौंड जवळ ठेवा, म्हणजे मोड घ्यायची वेळच येणार नाही.