लघवीचा संसर्ग: गोळ्या की इंजेक्शन?

मावशी विचारते, "सुई घेतली तर लवकर बरी होईन ना?" नुसती मूत्राशयातली जळजळ असेल तर नाही. तिथे नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्या 5 दिवस किंवा फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची एकच पुडी बहुधा पुरते. दवाखान्याच्या खेपा वाचतात. पण ही दोन्ही औषधं मूत्रपिंडात पुरेशी पोचत नाहीत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या इंजेक्शनाने सुरुवात करणं भलं. अमिकासिन हे इंजेक्शनही दिवसातून एकदाच, पण ते मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकतं; रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का, हे त्यावरून कळतं) तपासूनच घ्यावं. काहीही घ्या, पहिल्या डोसाआधी लघवी कल्चरला (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, ही तपासणी) द्याच!

साध्या जळजळीला गोळ्या. पोटात गोळी टिकत नसेल किंवा कल्चरमध्ये एकही गोळी लागू नसेल, तर इंजेक्शन.