ब्रेल पाटी, ब्रेलर आणि वीस घरांचा डिस्प्ले: कोल्हापुरात नऊ महिने वापरल्यानंतर

तीन वस्तूंबद्दल लिहितो आहोत. लाकडी ब्रेल पाटी आणि तिचा स्टायलस (टिंबं दाबायचा टोच्या), सहा कळांचा ब्रेलर (ब्रेलचा टाइपरायटर), आणि मोबाइल-संगणकाला जोडायचा वीस घरांचा ब्रेल डिस्प्ले, ज्यावर बारीक पिना वर-खाली होऊन मजकूर टिंबांत उमटतो. तिन्ही गेल्या जूनपासून कोल्हापुरात रोज वापरात आहेत, म्हणजे एक अख्खा पावसाळाही त्यांनी काढला आहे. वापरणारे तिघं: एकाला शाळेपासून ब्रेल येतं, एकीची नजर चाळिशीनंतर मधुमेहाने गेली, आणि तिसरा डोळस, तो मजकूर तपासतो आणि लेबलं करतो.

आधी नेहमीचा प्रश्न. फोन सगळं वाचून दाखवतो, मग टिंबं कशाला शिकायची? फोनने वाचलेला ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला एकच लागतो. ‘सुत’ आणि ‘सूत’ही. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांच्या एका घरात बसतं: डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १-२-३, उजव्या ओळीत ४-५-६. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत, ऱ्हस्व इ म्हणजे २-४ आणि दीर्घ ई म्हणजे ३-५. उ म्हणजे १-३-६ आणि ऊ म्हणजे १-२-५-६. बोटाखाली ही चार अक्षरं इतकी वेगळी लागतात, की वाचताना फरक निसटत नाही आणि लिहिताना निवड केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोनला अक्षर-अक्षर उच्चारायला सांगता येतं, हे खरं. पण पानभर मजकूर तसा कोणी ऐकत नाही. केवळ ऐकून शिकलेल्या हुशार मुलांचं शुद्धलेखन कच्चं राहतं ते यामुळेच. मजकूर त्यांना कळलेला असतो, शब्द कसा लिहिला आहे हे कधी भेटलेलंच नसतं.

पाटी आणि स्टायलस

तिन्हींपैकी सर्वात स्वस्त वस्तू ही, आणि आमच्या मते पहिली घ्यायची वस्तूही हीच.

लाकडी फळी, वर कागद धरणारी चाप, दोन्ही कडांना भोकं, आणि त्या भोकांत बसणारी धातूची दुहेरी पट्टी. पट्टीच्या वरच्या पात्यात खिडक्या असतात, खालच्या पात्यात प्रत्येक खिडकीखाली सहा खळगे. कागद चापेत सरळ बसवायचा, दोन पात्यांच्या मधून घ्यायचा, पट्टीच्या खुंट्या पहिल्या भोकांत दाबायच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायला लागायचं. टिंब मागच्या बाजूला उठतं, म्हणून लिहिताना १-२-३ ही टिंबं घराच्या उजव्या उभ्या ओळीत येतात. कागद उलटला की ती डावीकडे येतात आणि वाचन नेहमीसारखं डावीकडून उजवीकडे होतं.

नवशिक्याचं घोडं इथेच अडतं. लिहिताना बाजू चुकली की अक्षर आरशातलं होतं, आणि भारती ब्रेलमध्ये आरशातलं अक्षर बहुतेक वेळा दुसरंच खरं अक्षर असतं. क (१-३) उलटला की ख (४-६). इ उलटली की ए. ज चा ह, म चा श, न चा ड, र चा ठ. आणि मराठी माणसाला सर्वात जास्त छळणारी जोडी ल-ळ: ल म्हणजे १-२-३, ळ म्हणजे ४-५-६. एका बाजूची तीन टिंबं दुसऱ्या बाजूला गेली की कोल्हापुरी ‘गूळ’ ‘गूल’ होऊन बसतो, ‘वेळ’ची ‘वेल’ होते, ‘काळ’चा ‘काल’. शब्द बहुतेक वेळा अर्थपूर्णच राहिल्यामुळे लिहिणाऱ्याला चूक जाणवतही नाही. यावर उपाय एकच सापडला: सुरुवातीचे दोन आठवडे अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता या जोड्यांनीच घ्यायची. एक ओळ ल, एक ओळ ळ, मग कागद उलटून दोन्ही वाचायच्या.

जोडाक्षराची सवय वेगळी लागते. हलन्ताचं टिंब (एकटं ४) जोडाक्षराच्या आधी येतं. ‘स्पर्श’ असा लिहायचा: ४, स, प, ४, र, श. सहा घरं झाली. ज्यांना मोबाइलवर मराठी टाइप करायची सवय आहे ते हलन्त अक्षरानंतर देतात, कारण कीबोर्डवर तसंच असतं, आणि मग वाचणारा अडखळतो. क्ष आणि ज्ञ यांना मात्र स्वतंत्र एकेक घर आहे, तिथे हलन्त नको. काना, वेलांटी, मात्रा असं वेगळं काही नसतं. व्यंजनानंतर स्वर पूर्ण लिहायचा. म्हणून ‘मुंबई’ लिहिताना ब नंतर अ द्यावाच लागतो, मग ई. अ गाळला तर ते ‘मुंबी’ वाचलं जातं.

स्टायलस उभा धरायचा. मुठीची खोबण तर्जनीच्या सांध्यात बसवून सरळ खाली दाबला की हलका ‘टक’ येतो, तेवढं पुरे. तिरका धरला की टिंब एका बाजूला फाटतं. टोक फार अणकुचीदार असेल तर भोक पडतं, आणि भोक बोटाला लागत नाही. अशा टोकाला बारीक पॉलिश पेपरवर गोल फिरवून थोडं बोथट करा. एखादं टिंब खोडायचं असेल तर कागद उलटून ते नखाने किंवा लाकडी खोडणीने दाबून सपाट करायचं. काही जण चुकीच्या घरात सहाही टिंबं भरतात. मराठीत तसं करू नये, कारण सहाही टिंबं म्हणजे ढ.

कागद आणि कोल्हापूरचा पाऊस

या विषयावर कोणी नीट लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

टिंबाची उंची साधारण अर्धा मिलिमीटर. तेवढी टिकवायला कागद जाड लागतो. १२० ते १४० ग्रॅमचा चांगला. झेरॉक्सचा ७०-७५ ग्रॅमचा कागद सरावाला चालतो, पण दोन-तीनदा बोट फिरलं की टिंबं बसतात. जुन्या कॅलेंडरची जाड, गुळगुळीत पानं आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यातली कातरणं सरावाला उत्तम. कागद पारखायची सोपी रीत: त्यावर दहा ढ लिहा, उलटा, अंगठ्याने मध्यम जोराने तीनदा घासा. साठही टिंबं मोजता आली तर कागद घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र चांगला कागदही दगा देतो. हवेतला ओलावा शोषून तो मऊ पडतो, स्टायलस नेहमीच्या जोराने दाबला तर आरपार जातो, आणि हळू दाबला तर टिंब उठतच नाही. कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद ठेवले आणि एका वेळी पाच-सहाच बाहेर काढले, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. लिहिलेली पानं आडवी एकावर एक रचू नयेत. वरच्या वजनाने खालची टिंबं चपटी होतात. उभी ठेवा, सैल ठेवा. लाकडी फळीही फुगते आणि पट्टीच्या खुंट्या भोकांत अडकतात. हातोडी लावू नका. सावलीत वाळवा आणि भोकांत थोडं मेण फिरवा.

आणि ब्रेल पुस्तकं खालच्या फडताळात ठेवू नका. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात कुठवर आलं हे इथे कोणाला सांगायला नको. छापील पुस्तक भिजून वाळलं तर निदान वाचता येतं. भिजलेल्या ब्रेलची टिंबं वाळताना बसतात आणि मग हातात कोरा कागद उरतो.

ब्रेलर

सहा कळा, मधे स्पेस, एका टोकाला ओळ पुढे नेणारी कळ आणि दुसऱ्या टोकाला मागे जाणारी. भारती ब्रेल मान्य झालं ते साल १९५१, आणि पर्किन्स ब्रेलर बाजारात आला तेही १९५१. यंत्राचा मूळ साचा अजून तोच आहे. मोठा फायदा असा की टिंब वरच्या बाजूला उठतं. आरशाची भानगड नाही, आणि लिहिलेलं तिथल्या तिथे वाचता येतं. डाव्या हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका १, २, ३ वर. उजव्या हाताची ४, ५, ६ वर.

सर्वाधिक चूक कळा एकत्र न दाबल्याने होते. एक बोट उशिरा पडलं की ते टिंब फिकं उठतं किंवा पुढच्या घरात जातं. कागद शेवटपर्यंत गुंडाळून घेतल्याशिवाय लिहायला सुरुवात केली तर पहिली ओळ वाकडी जाते. पूर्ण रुंद ब्रेल कागदावर एका ओळीत ४२ घरं मावतात, आपल्या ए-फोर कागदावर तिसेक.

वजन पाच किलोच्या आसपास, म्हणून रोज केएमटीच्या बसमधून न्यायची वस्तू ही नाही. एका जागी, सपाट टेबलावर, खाली जाड कापड घालून ठेवावा. आवाजही कमी होतो. खोबरेल तेल घालू नका. ते धूळ धरून घट्ट होतं आणि कळा वर येईनाशा होतात. कोल्हापुरात उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत असल्यामुळे स्क्रू किंवा साधी स्प्रिंग मिळायला अडचण नाही, पण टिंब उठवणाऱ्या पिना कोणाला घासू देऊ नका. एक पिन किंचित आखूड झाली की तेवढं एकच टिंब कायम फिकं येतं.

वीस घरांचा डिस्प्ले

मेमरी कार्डवरची फाइल उघडता येते, ब्लूटूथने मोबाइल जोडता येतो, यूएसबीने संगणक. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरला. त्याच्या ब्रेल सेटिंगमध्ये मराठी तक्ता निवडावा लागतो. तो न निवडता बसलात तर देवनागरी अक्षरांच्या जागी भलतीच टिंबं येतात, आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. दुसरं कारण फाइलचंच असतं. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर पडद्यावर सुरेख दिसतो, पण आत इंग्रजी चिन्हंच असतात. तो डिस्प्लेवर वाचता येणार नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्कॅन केलेलं पीडीएफ तर चित्रच, त्यावर आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) लागतं.

वीस घरं म्हणजे किती? ‘महालक्ष्मी एक्सप्रेस’ अठरा घरांत बसते. ‘कोल्हापूर महानगरपालिका’ला बावीस लागतात. शब्द न तोडण्याची सेटिंग चालू असेल तर पहिल्या ओळीत फक्त ‘कोल्हापूर’, नऊ घरं, आणि पुढची अकरा रिकामी. ती बंद केली तर ‘कोल्हापूर महानगरपालि’ आणि पुढच्या दाबाला ‘का’. कथा-कादंबरीला शब्द न तोडलेलं बरं. पत्ते, हिशोब, फोन नंबर तपासताना तोडलेलं चालतं. मराठीत जोडाक्षरं आणि पूर्ण स्वर यांमुळे घरं भराभर खर्च होतात, त्यामुळे सलग वाचनात अंगठा सतत पुढे-पुढे दाबावा लागतो. तासाभराने तो दुखतो.

तरी रोजच्या वाचनासाठी आमची पसंती यालाच. एका कार्डात मावणारा मजकूर कागदी ब्रेलमध्ये कपाटभर होतो. मजकूर दुरुस्त करताना बोट नेमकं चुकीच्या स्वरावर ठेवता येतं. मुलाखतीला किंवा वर्गात जाताना कानात काही न घालता टिपणं वाचता येतात, समोरच्याचं बोलणं ऐकत. गणितात तर याला तोड नाही. कंसातला कंस कानाने धरून ठेवणं फार अवघड. उभ्या मांडणीच्या बेरीज-वजाबाकीला मात्र एकच ओळ पुरत नाही, तिथे टेलर फ्रेम (खाचांत खिळे बसवून आकडे मांडायची अंधांची गणिताची पाटी) किंवा कागदच हवा.

काळजी हाताची. भडंग खाऊन तसंच वाचायला बसलं की तेल-हळद पिनांच्या भोकांत जाते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, डिस्प्ले फक्त सुक्या मऊ कापडाने पुसा. सातव्या महिन्यात एका घराचं तिसरं टिंब वर येईना. याचा धोका असा की अक्षर गायब होत नाही, बदलतं: त्या घरात ल चा ब दिसू लागला आणि क चा अ. म्हणून एक छोटी फाइल करून ठेवा, तिच्यात फक्त वीस ढ. महिन्यातून एकदा ती उघडून बोट फिरवलं की एकशेवीस टिंबांतलं कुठलं बसलं आहे ते लगेच लागतं. दुरुस्तीला यंत्र बाहेरगावी पाठवावं लागलं आणि ते पाच आठवड्यांनी परत आलं. तेवढे दिवस पाटीवरच काम चाललं.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर डिस्प्लेची टिंबं जुन्या कागदापेक्षा ठळक लागतात, पण अक्षरओळख डिस्प्लेवर सुरू करू नका. ताज्या, जाड कागदावर एक घर सोडून एक अक्षर लिहून सुरू करा. आणि बोट टिंबावर वर-खाली घासायचं नाही. हलका हात, डावीकडून उजवीकडे सरळ. दाबलं की कमी कळतं. दोन्ही हात वापरा. उजवा ओळ संपवत असताना डाव्याने पुढची ओळ शोधून ठेवायची.

लेबलं

यासाठी पुन्हा पाटीच. मागे चिकट असलेली पारदर्शक प्लॅस्टिक शीट पट्टीत घालून, मागचा कागद न काढता, त्यावर लिहायचं आणि मग कापून चिकटवायचं. डबा आधी धुऊन, वाळवून, कोरड्या कापडाने पुसा. तेलकट स्टीलवर लेबल दोन दिवस राहत नाही. पूर्ण शब्द लिहायचा अट्टाहास नको. तिखटाला ‘त’, मिठाला ‘म’, कांदा-लसूण मसाल्याला ‘क ल’ पुरतं. औषधांवर मात्र पूर्ण नाव, आणि वेळ आकड्यात. आकड्याआधीचं अंकचिन्ह (३-४-५-६) विसरू नका, नाहीतर तो आकडा अक्षर म्हणून वाचला जाईल. लेबल डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नको. भांडी घासून झाली की झाकणं बदलतात.