हाडावरचे दात कुणाचे? भिंग-व्हर्नियर, थ्रीडी मॉडेल की अख्खं हाड

उत्खननात सापडलेल्या जुन्या हाडावरची खूण दाताचीच आहे, सुरीची किंवा दगडाची नाही, इथपर्यंत बहुतेकजण नीट पोचतात. दहापट भिंग आणि बाजूने तिरपा पडणारा दिवा एवढ्यावर काम भागतं, १९९६ साली ब्लुमेनशाइन वगैरे संशोधकांनी घेतलेल्या चाचणीत सरावलेले लोक ९९ टक्क्यांच्या आसपास बरोबर निघाले होते. गाडी अडते ती पुढे, दात कुणाचा यावर. त्यासाठी सध्या तीन वाटा दिसतात आणि कुठली धरायची असं कुणी विचारलं तर मी तिन्ही वापरून बघितल्यात म्हणून लिहितोय.

पहिली वाट म्हणजे दाताने हाडात पडलेल्या खड्ड्याची लांबी-रुंदी व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, मोजायची आणि आधीच्या आकड्यांशी ताडून बघायची. स्वस्त, सुटसुटीत, आणि कोल्ह्यासारखा लहान प्राणी की सिंह-तरसासारखा मोठा, एवढं ती बऱ्यापैकी सांगते. पण मोठ्यांमध्ये आपापसात आकडे एकमेकांवर चढतात. शिवाय टोकाकडच्या जाळीदार हाडात तोच दात जास्त रुततो, दांड्याच्या, म्हणजे मधल्या नळीच्या, कठीण हाडात कमी, त्यामुळे दोन्हीकडची मापं एकाच तक्त्यात टाकली की सगळा घोळ होतो. हे बहुतेकांना माहीत असतं, तरी तक्ते तसे बनतातच.

माझं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीने उडालं. खड्ड्याची कड. मांडीच्या हाडाच्या दांड्यावरचा एखादा उथळ खड्डा भिंगाखाली धरा, दिवा डावीकडून लावा, एक कड एकदम स्वच्छ दिसते आणि दुसरी उजेडात विरघळते, दिवा उजवीकडे नेला की तोच खड्डा लांबट वाटायला लागतो, आणि हाड ऊन-पावसात पडून राहिलेलं असेल तर कडेचे पापुद्रे निघालेले असतात, मग व्हर्नियरचं टोक नेमकं कुठे टेकवायचं हे तुम्ही ठरवता, हाड नाही. दोन मिलिमीटरच्या खड्ड्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की प्राणी बदलतो! सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी तसंच्या तसं येत नाही, आणि शेजारी बसलेल्याचं तर आणखी वेगळं. याचा मला फार त्रास झाला, कारण पुढचा सगळा निष्कर्ष त्या एका आकड्यावर उभा असतो.

थ्रीडी मॉडेलने हे सुटेल अशी माझी मोठी आशा होती. मॅक्रो लेन्सने खड्ड्याचे भरपूर फोटो काढायचे, मॉडेल करायचं, त्यावर ठरावीक बिंदू लावून आकाराची तुलना करायची, आता तर वर्गीकरण पण सॉफ्टवेअरच करतं. काम सुंदर आहे, खड्ड्याची खोली आणि उतार पहिल्यांदा नीट हातात येतात. ज्यांच्याकडे वेळ आणि चांगली उपकरणं आहेत त्यांनी जरूर करावं. पण बिंदू लावायचे ते कडेवरच ना, म्हणजे तोच प्रश्न स्क्रीनवर मोठा होऊन येतो. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरला जेवढे प्राणी शिकवले त्यातूनच ते उत्तर देतं. नमुन्यात बिबट्या नसेल तर बिबट्याचा खड्डा ते सिंहाला नाहीतर तरसाला देऊन मोकळं होतं. आणि नमुने बरेचदा पिंजऱ्यातल्या प्राण्यांचे असतात, ते बसल्या बसल्या हाड नुसतं चघळत राहतात, जंगलातला सिंह तसं करत नाही.

तिसरी वाट जुनी आहे, अख्खं हाड बघायची. काय खाल्लंय, काय सोडलंय. दंडाच्या हाडाचं वरचं टोक मऊ, खालचं टणक, नडगीचंही तसंच. तरस मऊ टोकं तर संपवतोच, बरेचदा दोन्ही टोकं जाऊन नुसती नळी उरते, दांडा फोडलेला असतो, आणि काही तुकडे पोटातल्या आम्लातून जाऊन पातळ धारदार कडांचे, भोकं पडलेले मिळतात. हे दिसलं की तरसाचा संशय पक्का होत जातो. सिंह-बिबट्या मांस खाण्यात तरबेज, हाड फोडण्यात नाहीत, म्हणून खड्डा मोठा असला तरी नासधूस कमी, मोठ्या जनावराच्या मांडीच्या हाडाच्या उंचवट्यांवर थोडं कुरतडलेलं, दांडा शाबूत. लांडगा दोघांच्या मधे कुठेतरी, टोकं खातो, पण नेहमी तरसाइतकं नाही.

यातही गोची आहे. भुकेला लांडगा आणि पोट भरलेला लांडगा एकाच हाडावर वेगळं काम करतात, आणि सिंहाने सोडलेलं तरसाने उचललं असेल तर दोघांच्या खुणा एकत्र येतात. तरी मला वाटतं की ही चूक समोर दिसते, तिच्यावर वाद घालता येतो, दशांश चिन्हामागे ती लपत नाही. म्हणून मी आता सुरुवात इथूनच करतो, कागदावर हाडाची आकृती काढून गेलेला भाग रंगवतो, मग भिंग, आणि मापं सगळ्यात शेवटी.

मापाला तोड नाही अशी जागाही आहे, सुळ्यांची जोडी. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्सच्या गुहेत आदिमानवाच्या लहान मुलाच्या कवटीवर दोन भोकं होती, ती सी. के. ब्रेन यांनी १९७० मध्ये बिबट्याच्या खालच्या सुळ्यांशी जुळवून दाखवली. दोन भोकांमधलं अंतर मोजायचं असेल तर एकेका कडेचा घोळ फारसा आड येत नाही. पण अशी जोडी हाताला लागणं विरळाच.

तुमच्याकडे नुसते दांड्याचे तुकडे असतील तर माझी वाट फारशी कामाची नाही, तिथे मोजावंच लागेल. मग एवढं करा, जाळीदार आणि कठीण हाडाचे तक्ते वेगळे ठेवा, दिव्याची बाजू एकदा ठरवली की बदलू नका, दुसऱ्या कुणाकडून तेच खड्डे आपली मापं न सांगता परत मोजून घ्या, आणि मोठ्या मांसाहारी प्राण्याचे दात, एवढंच निघत असेल तर तेवढंच लिहा.