आतल्या रस्त्यावर स्पीड कमी करायचाय: रडार लावून नोटिसा द्याव्यात की ब्रेकर टाकावेत?

ताशी २० किमीची पाटी लावून झाली, ती कोणी वाचत नाही हेही कळून चुकलं, आणि आता कमिटीच्या मीटिंगमध्ये दोन गट पडलेत, एक म्हणतो कॅमेरा लावा आणि दंड करा, दुसरा म्हणतो ब्रेकर टाका आणि विषय संपवा. ह्या टप्प्यावर जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या सोसायटीत हे काम माझ्याकडे होतं आणि आम्ही दोन्ही करून बघितलंय, आधी येणाऱ्या गाडीचा स्पीड आकड्यात दाखवणारा रडारवाला डिस्प्ले बोर्ड आणि नोटिसा, मग ब्रेकर. जागा बदलली की उत्तरही थोडं बदलेल, त्यामुळे माझंच बरोबर असं म्हणत नाही, पण आम्ही ज्यात वर्ष घालवलं ते तुमचं वाचलं तर बरंच आहे.

एक गोष्ट दोन्ही गटांनी आधी करावी. रस्ता मोजा. सरळ पट्ट्यात ५० मीटरवर खडूच्या दोन खुणा करा आणि वरच्या मजल्यावरून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर गाड्या मोजा. २० च्या स्पीडला ५० मीटर जायला ९ सेकंद लागतात. ६ सेकंद लागले तर गाडी ३० ला आहे, ५ लागले तर ३६ ला. आम्ही एका संध्याकाळी दीड तास बसलो तेव्हा बहुतेक गाड्या ६ च्या आत जात होत्या, आणि गंमत अशी की ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त ओरड होती ती मोठ्या आवाजाची बाईक ८ सेकंदात जायची. आवाजावरून स्पीड कळत नाही. हे मोजमाप हातात असलं की मीटिंगमधली अर्धी भांडणं होतच नाहीत.

आता कोणी म्हणेल २० काय आणि ३० काय, एवढा काय फरक पडतो. बराच पडतो. माणसाला बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, मग कोरड्या रस्त्यावर २० ची गाडी साधारण ८ मीटरात थांबते, ३० ची १३-१४ मीटरात, ४० ची २० मीटरात. आणि धक्क्याची ताकद स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३० च्या धक्क्यात २० च्या सव्वादोन पट ऊर्जा असते. उभ्या गाड्यांच्या मधून पोरगं सायकल घेऊन बाहेर येतं ते ८-१० मीटरवरच दिसतं, आधी नाही.

तर रडार. आम्ही तेच आधी निवडलं कारण तोडफोड नाही, रस्ता खोदायचा नाही, आणि सगळ्यांना वाटलं की हे सभ्य आहे. बोर्ड लहरी सोडतो, गाडीवर आपटून परत येणाऱ्या लहरींची फ्रीक्वेन्सी किती बदलली त्यावरून स्पीड काढतो. रस्त्याच्या कडेला तिरपा लावला तर आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच दाखवतो, २० अंशाला साधारण ६ टक्के कमी, म्हणजे चूक झाली तर चालवणाऱ्याच्या बाजूने होते, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. पहिले काही आठवडे खरंच छान गेले. स्वतःचा आकडा लाल रंगात चमकताना दिसला की पाय आपोआप उठतो, कोणी कोणाला बोलायला लागत नाही, आणि बहुतेक लोक मुद्दाम पळवत नसतात, त्यांना आपला स्पीडच माहीत नसतो. त्यांच्यासाठी बोर्ड पुरेसा आहे. पण बोर्ड मागे पडला की पाय परत खाली जायचा, वळणापर्यंत स्पीड होता तेवढाच.

मग आम्ही त्याला कॅमेरा जोडला आणि नोटिसा सुरू केल्या. रडारवरून माझं मन उडालं ते ह्या नोटिसांमुळे, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या इथे एक काका आहेत, रिटायर्ड, गाडी इतकी सावकाश चालवतात की मागचे हॉर्न देतात. त्यांना ४१ ची नोटीस गेली. काका भांडले नाहीत, फक्त नोटिशीतला फोटो मोबाईलवर मोठा करून घेऊन आले आणि म्हणाले, जरा नीट बघता का. बघितलं तर फ्रेममध्ये काकांची गाडी आणि तिच्या उजवीकडून पुढे निघणारी एक स्कूटर. आता ४१ कोणाचे? साध्या बोर्डमधलं रडार समोरून जे काही येतंय त्या सगळ्यातला एक आकडा उचलतं, तो कुठल्या गाडीचा हे त्याला माहीत नसतं आणि आकड्यावर नाव लिहिलेलं नसतं. आम्ही तिघं दोन तास फुटेज पुढेमागे करत बसलो, शेवटी नोटीस मागे घेतली आणि मी स्वतः जाऊन माफी मागितली. काका चांगले माणूस, विषय तिथेच सोडला. पण पुढच्या रविवारपासून प्रत्येक जण म्हणायला लागला की काकांची मागे घेतली ना, मग माझी का नाही. आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी भाच्याने नेली होती, ड्रायव्हर नवीन आहे, पाहुण्यांची गाडी आहे आणि स्टिकर आमचं आहे, समोरून दुसरी गाडी येत होती, असं दर रविवारी. शेजारी शेजाऱ्यावर न्यायाधीश होऊन बसलाय आणि दोघांनाही ते नकोय. दोन घरं आमच्याशी काही महिने नीट बोलत नव्हती.

ह्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी आम्ही आधी लक्षातच घेतली नव्हती. खासगी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी पोलिस येऊन चलान फाडत नाहीत, तुमचा जो काही अधिकार आहे तो करारातून येतो, म्हणजे सभासदत्वाचे नियम, भाडेकरार, पार्किंगचं स्टिकर, गेटपास. जो ह्या करारात आहे त्यालाच नोटीस लागू पडते. आणि आमच्या मोजणीत सगळ्यात जोरात जाणारे कोण होते, तर डिलिव्हरीवाले, कॅब, कोणाला तरी सोडायला आलेले. ते पुन्हा येतीलच असं नाही, त्यांचा पत्ता आमच्याकडे नाही, गेटवर अडवलं तर ज्याची ऑर्डर आहे तोच वॉचमनवर चिडतो. म्हणजे सगळी यंत्रणा उभी केली ती नेमकी त्यांच्यावर चालली जे आधीच थोडं ऐकत होते. आणि ज्याच्यावर चालली त्यालाही नोटीस दोन दिवसांनी मिळायची, गाडी वळणावरून तर परवाच गेली.

म्हणून ब्रेकर. पण ब्रेकर म्हणजे एकच वस्तू नाही आणि इथे आम्ही पहिल्यांदा चुकलो, बाजारात मिळतात ते अरुंद रबरी तुकडे बोल्ट मारून बसवले. एका दिवसात काम झालं. त्यात तीन गोष्टी निघाल्या. पहिली, अरुंद उंचवटा हळू जाणाऱ्याला जास्त लागतो आणि मोठ्या चाकांची गाडी जोरात नेली तर सस्पेन्शन तो गिळून टाकतं, म्हणजे शिक्षा चुकीच्या माणसाला. दुसरी, बोल्ट सैल होतात आणि मग प्रत्येक चाकाला धाड-धाड असा डबल आवाज, रात्री तर खूपच. तिसरी सगळ्यात वाईट, पाणी जायला म्हणून कडेला हातभर जागा सोडली होती, सगळ्या दुचाक्या त्या फटीतून जायला लागल्या, आणि त्याच कडेने लोक चालतात. स्पीड कमी करायला गेलो आणि दुचाक्या चालणाऱ्यांच्या अंगावर आणून सोडल्या. महिन्याभरात काढून टाकले.

नंतर केला तो रुंद, गोलसर हंप. गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्ये १० सेंटीमीटर उंच. हा आकार ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तयार झालेला आहे आणि तो कामाचा का, तर २०-२५ ला गाडी त्यावरून आरामात झुलून जाते आणि स्पीड वाढेल तसा त्रास वाढतच जातो, अरुंद तुकड्यासारखा गिळला जात नाही. हा हंप आम्ही कडेपासून कडेपर्यंत नेला आणि पाण्यासाठी खालून पाईप टाकला, फट ठेवलीच नाही. जिथून पोरं बागेत जातात तिथे हंपऐवजी सपाट माथ्याचं उंच क्रॉसिंग केलं, म्हणजे चालणारा खाली उतरतच नाही, गाडीच वर चढते. मला सगळ्यात जास्त समाधान ह्या क्रॉसिंगचं आहे, कारण तिथे गाडीवाला आपोआप पाहुणा होतो.

तसं बघितलं तर ही कल्पना खासगी आवारातही जुनीच आहे. आर्थर कॉम्प्टन, भौतिकशास्त्राचं १९२७ चं नोबेल मिळालेले, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे प्रमुख होते, आणि कॅम्पसवरच्या मुख्य इमारतीसमोरून गाड्या फार जोरात जातात म्हणून १९५३ मध्ये त्यांनी स्वतः उंचवट्यांचं डिझाईन केलं. वाचलं तेव्हा बरं वाटलं, की एवढ्या मोठ्या माणसालाही पाटी पुरली नाही.

ब्रेकरचे तोटे लपवत नाही. ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटला प्रत्येक हंप लागतो, म्हणून गेटपासून इमारतीपर्यंतच्या मुख्य वाटेवर कमीत कमी ठेवा. मधे फट असलेले कुशन प्रकारचे ब्रेकर मोठ्या गाड्यांसाठी चांगले असतात, त्यांची चाकं एकमेकांपासून लांब असल्याने उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, पण दुचाक्या जास्त असतील तर त्या मधल्या फटीतून सरळ सुटतात, तिथे त्यांचा उपयोग नाही. अंतरही नीट धरा, ६० ते १०० मीटरच्या पुढे गेलात की लोक मधल्या पट्ट्यात गाडी पळवून पुढच्या हंपला करकचून ब्रेक मारतात. कोणाच्या बेडरूमखाली टाकू नका. आणि रंग व लाईट दोन्ही पाहिजेच, अंधारात न दिसणारा हंप हा स्वतःच अपघात आहे.

पार्किंग लॉटचं गणित जरा वेगळं आहे. भरलेल्या लॉटमध्ये स्पीड मुळातच कमी असतो, प्रश्न रिकाम्या लॉटचा, तेव्हा लोक आखलेल्या रांगा सोडून तिरपे कापत जातात आणि तुमचा रस्त्यावरचा ब्रेकर बाजूलाच राहतो. तिथे चाक अडवणारे दगड, मोठ्या कुंड्या, रांगेच्या टोकाला उंच कोपरे, एवढ्याने लांब सरळ पळ तुटतो आणि काम होतं. रडार तर तिथे अगदीच निरुपयोगी, खांब आणि उभ्या गाड्यांच्या मधे त्याला सरळ दिसतच नाही.

नोटिसांच्या बाजूनेही एक सांगतो. कारखान्याचं किंवा ऑफिसचं आवार असेल, गाड्या चालवणारे बहुतेक सगळे पगारी माणसं असतील, ट्रक आणि बस सारख्या जात असतील, तर नोटीस चालू शकते, कारण तिथे वर एक साहेब असतो आणि आत सोडायचं की नाही हे गेटवरच ठरतं. अवजड गाड्यांच्या रस्त्यावर हंप टाकले तर आवाज आणि हादरे वेगळेच. अशा ठिकाणी मी कदाचित रडारच घेईन. पण जिथे लोक राहतात, जिथे सकाळी लिफ्टमध्ये त्याच माणसाला भेटायचंय, तिथे मी रस्त्यालाच बोलू देईन.

हंप झाल्यावर आम्ही खडूच्या त्याच खुणांवर परत बसलो, तीच वेळ, तोच दीड तास. बहुतेक गाड्या ९ ते १० सेकंद घेत होत्या, डिलिव्हरीवालेसुद्धा. बोर्ड अजून आहे, गेटमधून आत आल्या आल्या लागतो तिथे हलवलाय, आलेल्याला स्वतःचा आकडा दाखवायला. त्याचा कॅमेरा मात्र काढून टाकला.