मोर्स, माईक की एफटी-एट: नव्या हॅमने वेळ कशाला द्यावा?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना काढायला निघालेल्या माणसाला प्रश्न पडतोच: ठिपके-रेघांचा मोर्स शिकावा, माईकवर बोलावं, की एफटी-एट ही संगणकावरची पद्धत घ्यावी? प्रश्न रास्त आहे. जहाजांनी १९९९ मध्ये मोर्स सोडला. २००३ च्या जिनिव्हा परिषदेने हॅमसाठीची मोर्सची सक्ती ज्या त्या देशावर सोपवली, अमेरिकेने ती २००७ मध्ये काढून टाकली. आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. भारतात परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड या खालच्या श्रेणीच्या परीक्षेला मोर्स लागत नाही. जनरल या वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांची चाचणी नियमांत आली, पण अर्ज करण्याआधी ताजी अधिसूचना वाचून घ्या. थोडक्यात, परीक्षेची भीती बाजूला ठेवून ठरवता येतं.

गप्पा मारायच्या असतील, माणसं जोडायची असतील, तर माईकच घ्या. पूर-भूकंपाच्या वेळी मदतीला जायचं मनात असेल तरीही माईकच. तिथे हातातल्या, जवळच्या अंतराच्या व्हीएचएफ सेटवर भराभर बोलावं लागतं, आणि समोरच्याला मोर्स येत असेलच असं नाही. मोर्स शिकला की आपत्तीत कामाला येतो, असं नव्यांना सांगितलं जातं; मला ते कारण पटत नाही.

अडचण येते ती शहरातल्या फ्लॅटमध्ये. बाल्कनीतून सोडलेली तार, भोवती एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर, त्यांची खरखर. एसएसबीवरच्या (लांब पल्ल्यावर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीतल्या) आवाजाला सुमारे अडीच किलोहर्ट्झ जागा लागते. मोर्स ५०० हर्ट्झच्या फिल्टरमधून आरामात ऐकता येतो. म्हणजे खरखर पाचपट कमी आत येते. पाच वॉटवर आवाज जिथे बुडून जातो, तिथे मोर्सचा सूर बऱ्याचदा ओळखू येतो.

या मुद्द्यावर एफटी-एट मोर्सच्याही पुढे आहे, हे मान्यच करायला हवं. नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत कानाला अजिबात न जाणवणारा सिग्नलही वाचते. जागा लागते अवघी ५० हर्ट्झ. पण रिगला (रेडिओ सेटला) संगणक जोडलेला हवा आणि त्याचं घड्याळ सेकंदभराच्या आत अचूक हवं. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत कॉल साइन (हॅमचं ओळखचिन्ह), ठिकाणाचा ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) आणि सिग्नल किती जोरात आला त्याचा आकडा जातो, बस्स. लांबचे देश जमवायला उत्तम. पलीकडच्या माणसाशी ओळख मात्र होत नाही, आणि मला ती हवी असते.

मोर्सवर ती होते. सरावलेला हॅम कॉल साइन पुरता यायच्या आत नुसत्या हातावरून मित्र ओळखतो: कोणाचा डा (रेघ) जरा लांबतो, कोण दोन शब्दांत जास्त थांबतो.

शिवाय यंत्र साधं. ७ मेगाहर्ट्झचा पिक्सी हा मोर्सच्या छोट्या सेटचा किट म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आणि आवाज वाढवणारी एक एलएम३८६ चिप. सोल्डरिंग येत असेल तर सुट्टीच्या एका दिवसात तयार होतो. आवाजाचा सेट घरी बनतो, हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटेक्स या सेटने ते दाखवलंच आहे, पण त्यात सुटे भाग आणि जुळवाजुळव कितीतरी जास्त. गडावर न्यायचं तर पिक्सी, बॅटरी, की (मोर्स वाजवायची कळ) आणि तार पाठपिशवीच्या एका कप्प्यात मावतात.

मोर्सची किंमत पैशांत नाही, महिन्यांत मोजावी लागते. रोज वीस मिनिटं, तीही न चुकता. तक्ता समोर ठेवून ठिपके-रेघा पाठ करू नका. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगात एक डिट (ठिपका) १५० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे मन मोजत बसतं. २० शब्दांच्या वेगात तो ६० मिलिसेकंदांचा होतो, मोजायला सवडच उरत नाही, आणि ‘डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा’ हा सीक्यूचा (‘कोणीही उत्तर द्या’ या हाकेचा) ठेका थेट कानात बसतो. म्हणून कोख पद्धतीने के आणि एम या दोनच अक्षरांपासून, पण पूर्ण वेगात सुरुवात करा. ती दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखू आली की तिसरं घ्या.

माझा सल्ला असा: परीक्षा जवळ असेल तर आधी रिस्ट्रिक्टेड परवाना काढा आणि माईकवर बोलायला लागा. हवेवर बोलण्याची भीड चेपली की मोर्स सुरू करा. घरात खरखर फार आणि वेळ थोडा असेल, तर एफटी-एट घ्या. पण हाताने बनवलेल्या छोट्या सेटवर दूरच्या माणसाशी बोलायची ओढ असेल, तर मोर्सला सहा महिने द्याच.